छत्री आपली, पाऊस तिथला

आपल्या खेड-दापोली-चिपळूणकडची कितीतरी माणसं आखातात आहेत. लग्न होऊन मस्कतला निघालेली एक मुलगी परवा मला विचारत होती, "काकू, तिकडे आपल्या मालिका दिसतात का हो?" मी तिथं नऊ वर्षं संसार केला, म्हणून आज त्याचंच सांगते.

दिसतात. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेगानं तोही फिरतो, म्हणून आपल्यासाठी तो आकाशात एकाच जागी टांगलेला. छत्रीचं तोंड नेमकं त्याच्याकडे हवं, एवढंच. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या कोकणातून तो आग्नेयेला, बराच उंचावर येतो. मस्कत आपल्या पश्चिमेला, म्हणून तिथून तो आणखी पूर्वेकडे आणि खाली येतो. लंडनहून तर तो क्षितिजाखालीच जातो. तिथं केवढीही मोठी छत्री लावा, उपयोग नाही. तिथली माणसं दुसऱ्या उपग्रहावरून, केबलवरून नाहीतर इंटरनेटवरून बघतात.

उपग्रहाचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा असतो, मधे प्रखर आणि कडेला मंद. कडेच्या गावाला मोठी छत्री लागते. आणि हो, इथली महिन्याच्या पैशांची छत्री सामानात बांधून नेऊ नका. तिचा परवाना भारतापुरता असतो. तिकडे परवाना असलेल्या कंपनीकडूनच जोडणी घ्या. वेळही लक्षात ठेवा. आपली रात्री ८ ची मालिका मस्कतला संध्याकाळी ६.३० ला लागते.

मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस, रोज थोडी मिनिटं चित्र जातं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. तो बिघाड नव्हे, आपोआप नीट होतं.

पण पावसाचं मात्र ऐका. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ ओमानवर आलं. आमच्या घरात दिवसभर मराठी वाहिन्या. ओमानचा रेडिओ-टीव्ही आम्ही कधी लावलेलाच नव्हता. पाऊस वाढला तसं चित्र फुटू लागलं आणि पडदा काळा झाला. मुसळधार पाऊस ही छत्रीची लहर शोषून घेतो, हे तेव्हा कुठं ठाऊक? छत्री हलली असेल म्हणून आमचे हे गच्चीवर निघाले. तेवढ्यात शेजारची केरळची बाई धावत आली, "वादीला पाणी येतंय, गाडी वर काढा!" वादी म्हणजे तिकडचा एरवी कोरडा ओढा. तासाभरात आमची गल्ली पाण्याखाली होती. दोन दिवस आधीपासून रेडिओ सूचना देत होता म्हणे.

परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडणं हा मोठा आधार असतो. माझ्या मुलीचं मराठी त्या टीव्हीनं टिकवलं, हे मी कधीच नाकारणार नाही. पण वादळात छत्री अगदी गरजेच्या वेळीच मुकी होते, आणि सुरू असली तरी तिथल्या ओढ्याची बातमी देत नाही.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, छत्री जरूर लाव. पण रोज थोडा वेळ तिथल्याही बातम्या ऐक. सेलवरचा छोटा रेडिओ घरात ठेव. ओमानचा आणीबाणीचा नंबर ९९९९, तो पाठ कर. आणि शेजारणीशी पहिल्याच आठवड्यात ओळख कर.

तुमच्या लेकी-सुनांनाही एवढं सांगाल ना?