डाव्या हाताचं काम

पहाटे साडेपाच. नगरला पाऊस बेताचाच, त्यामुळे मातीच्या टेनिस कोर्टाला वर्षातले बहुतेक महिने पाणी आपणच द्यायचं. रात्री शिंपडलेलं पाणी एव्हाना मुरलेलं असतं. रोलर फिरवायचा, ब्रश ओढायचा, फक्कीने रेषा उजळायच्या. मुलं येण्याआधी हे उरकावंच लागतं, कारण बॅकहँड शिकवायचा तर चेंडूची उसळी भरवशाची हवी. खडबडीत जमिनीवर चेंडू कसाही उठतो आणि मूल पहिल्याच आठवड्यात त्या बाजूला बिचकायला लागतं. ती भीती काढताना पुढे महिनेच्या महिने जातात.

सहा वाजता लहान मुलं. त्यांच्यासाठी लाल चेंडू, नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा नियम आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून केला. या खेळात मुलांच्या भल्याचा इतका चांगला नियम दुसरा नसेल. पिवळा चेंडू आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर उडतो आणि मूल मग रॅकेट वर धरून कसंतरी ढकलतं. लाल चेंडू कमरेशी येतो आणि हात मोकळा फिरतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांना मी आधी रॅकेट एकट्या डाव्या हातात धरायला लावतो. दोन्ही हातांचा बॅकहँड म्हणजे मुळात डाव्या हाताचा फोरहँडच. उजवा हात खाली, मुठीच्या टोकाशी, वाट दाखवायला. जोर वरच्या डाव्या हाताचा. जेवताना, लिहिताना या हाताला कधी पुढाकार मिळालेला नसतो, म्हणून सुरुवातीला चेंडू कुठेही जातात. मुलं वैतागली की नदालचं सांगतो: तो लिहितो उजव्या हाताने आणि टेनिस खेळायचा डाव्या. त्यामुळे बॅकहँडला जोर लावणारा त्याचा वरचा हात हा त्याचा जन्माचा सराईत हात. मुलांचे डोळे मोठे होतात आणि डाव्या हाताचा सराव पुन्हा सुरू होतो.

सात वाजता मोठ्यांची तुकडी. त्यात सातवीतली एक मुलगी आहे. फोरहँड जोरकस, पाय चपळ, आणि त्या चपळ पायांचा उपयोग ती बॅकहँड चुकवायला करते. चेंडू डावीकडे आला की गोल वळसा घालून फोरहँडच मारते. तालुक्याच्या पातळीवर हे खपतं. पुण्याच्या मुली दोन गेममध्ये ओळखतात आणि मोकळ्या पडलेल्या उजव्या कोपऱ्यात चेंडू टाकतात.

तिच्या हाताचा दोष कमी, उशिराचा जास्त. चेंडू टप्पा खाईपर्यंत ती समोर तोंड करून उभी राहते. मग खांदे वळवायला वेळच उरत नाही आणि सगळा भार मनगटावर येतो. मी पलीकडून चेंडू मारतानाच ओरडतो, “वळ!” चेंडू जाळी ओलांडेपर्यंत उजवा खांदा जाळीकडे झालेला हवा. “अगं, रॅकेट नंतर, आधी खांदा!” मग रॅकेटचं डोकं चेंडूच्या खाली, उजव्या पायावर वजन, उजव्या कमरेच्या थोडं पुढे चेंडूशी गाठ, आणि शेवट उजव्या खांद्यावर. एवढ्या गोष्टी एकदम सांगून चालत नाही. आज फक्त खांदा. बास्केट रिकामी होईपर्यंत फक्त खांदा.

दिशा मात्र सुरुवातीपासून ठरवून देतो: क्रॉसकोर्ट. जाळी मध्यावर ३ फूट, खांबापाशी साडेतीन. सरळ रेषेत कोर्ट ७८ फूट, तर एकेरीच्या कोर्टाचा कर्ण साडेब्याऐंशीच्या आसपास. तिरका फटका बुटक्या जाळीवरून जातो आणि पडायला साडेचार फूट जास्त मिळतात. मुलांना हे कागदावर काढायला लावतो. पायथागोरस इथे कामाला आला की शाळेतही तो लक्षात राहतो.

साडेआठला नोकरी-व्यवसायवाली मंडळी. एक डॉक्टर एका हाताने बॅकहँड मारतात आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं म्हणून बेजार आहेत. कोपर वाकलेलं, मनगट ढिलं, चेंडू शरीराच्या मागे आलेला. असा प्रत्येक फटका त्याच स्नायूंना ओढतो. त्यांची पकड बदलतोय: तर्जनीच्या मुळाचं हाड मुठीच्या वरच्या सपाटीवर. डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरून तोच मागे न्यायचा, म्हणजे खांदा आपोआप वळतो. रॅकेटच्या तारांचं गटिंगही दोन पौंड सैल केलंय. “डॉक्टर, आठवडाभर फक्त स्लाइस,” म्हटलं, तर त्यांनी रुग्णासारखं निमूट ऐकलं.

अकरा ते तीन रॅकेटचं गटिंग, जेवण, थोडी झोप.

साडेतीनला मोबाईलवर जुना सामना लावतो: २०१७ चा ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना. नदालचा उंच उसळणारा चेंडू फेडररच्या एकहाती बॅकहँडला वर्षानुवर्षं सतावत होता. पस्तिसाव्या वर्षी, मोठ्या डोक्याची रॅकेट घेऊन, फेडरर बेसलाइनवरच ठाम राहिला आणि चेंडू चढायच्या आत सपाट मारत पाच सेटमध्ये जिंकला. इतका मोठा खेळाडू त्या वयात फटका सुधारतो, हे मला फार मोलाचं वाटतं. संध्याकाळी कोणता तुकडा दाखवायचा ते ठरवून ठेवतो.

पाचला शाळा सुटलेली मुलं सायकली टेकवून आत येतात. फेडररच्या तुकड्यानंतर त्यांना आपल्या जिल्ह्याचाही एक सामना दाखवतो. जिल्ह्यातलं श्रीरामपूर म्हटलं की सगळ्यांना क्रिकेटपटू झहीर खान आठवतो. टेनिसपटू ऋतुजा भोसलेचा जन्मही श्रीरामपूरचाच, हे मात्र मला दरवेळी नव्याने सांगावं लागतं. आपल्या जिल्ह्याच्या या मुलीने ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला, निर्णायक टायब्रेक १०-४. बोपण्णाचा बॅकहँड एका हाताचा, ऋतुजाचा दोन हातांचा. दोन्ही तऱ्हा एकाच कोर्टावर, एकाच बाजूला बघायला मिळतात. तिचे पाय पाहा, असं सांगतो. फटका संपला तरी ती बघत उभी राहत नाही, लगेच पुढच्या चेंडूसाठी सावरते.

सहा वाजता सामने, माझ्या नियमाने. डाव्या अर्ध्या कोर्टात फोरहँड मारला की गुण समोरच्याचा. सातवीतली मुलगी पहिला सेट वाईट हरली, रडवेलीही झाली. दुसऱ्यात तिने सलग तीन क्रॉसकोर्ट बॅकहँड मारले आणि चौथा सरळ, डाउन द लाइन. तिला थांबवून मी फक्त एवढंच विचारलं, “खांदा कधी वळला?” “समोरच्या मुलीने मारला तेव्हाच,” ती म्हणाली.

साडेसातला कोर्टावर पाणी मारताना तिच्या वडिलांचा फोन आला. रविवारी पुण्यात स्पर्धा.

“सर, नवीन फटका घेऊन पाठवायचं? हरली तर हिंमत जाईल तिची.”

“पाठवा. आणि तुम्ही स्कोअर लिहू नका. वहीत दोन रकाने करा: मारलेले बॅकहँड आणि चुकवलेले.”

“नेटमध्ये गेलेला कुठे लिहू?”

“मारलेल्यात.”

ते बरं म्हणाले आणि सकाळची बस किती वाजता आहे ते सांगू लागले.