दारापासून खाटेपर्यंत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत देशातल्या शंभर बाळंतपणांपैकी जेमतेम ३९ दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ८९ च्या घरात गेला. जननी सुरक्षा योजनेचे पैसे, १०८ ची रुग्णवाहिका आणि आशाताईंची पायपीट या तिन्हींनी मिळून पंधरा वर्षांत बाळंतपणाची जागाच बदलून टाकली. याच काळात जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ३९ वरून २५ वर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मनात प्रश्न उभा राहतो. दवाखान्यात पोचणाऱ्या आया दुपटीहून अधिक झाल्या, मग बाळांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाहून थोडेच जास्त का घटले? जननी सुरक्षा योजनेचा परिणाम काटेकोरपणे वेगळा काढून पाहणाऱ्या २०१५ च्या एका अभ्यासालाही तेच दिसले. योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणे वाढली होती, पण नवजात मृत्यू तिच्यामुळेच कमी झाल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. आई दारापर्यंत आली होती. दारापासून खाटेपर्यंतच्या अंतरात काय होते, हा गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या आरोग्यसेवा संशोधनाचा गाभ्याचा प्रश्न आहे आणि या लेखाचाही.

या प्रश्नाला जगाच्या पातळीवर आकड्यांचे रूप दिले ते २०१८ साली ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने. डॉ. मार्गारेट क्रुक यांच्या नेतृत्वाखालच्या या गटाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टळू शकले असते अशा मृत्यूंचा हिशेब मांडला. असे मृत्यू वर्षाला सुमारे ८६ लाख निघाले. त्यांपैकी सुमारे ३६ लाख माणसे आरोग्यसेवेपर्यंत पोचलीच नाहीत, तर सुमारे ५० लाख पोचूनही दगावली, कारण मिळालेली सेवा धड नव्हती. भारतापुरता हिशेब सेवा धड नसल्यामुळे सुमारे १६ लाख आणि सेवाच न मिळाल्यामुळे सुमारे ८ लाख असा आहे. हे अंदाज आहेत, मोजदाद नव्हे, हे खरे. पण त्यातली चूक बरीच मोठी धरली तरी तराजू कुठे झुकतो ते बदलत नाही. आपण मात्र आजही आरोग्याची प्रगती मोजतो ती उद्घाटन झालेल्या इमारतींवर, वाढलेल्या खाटांवर आणि वाटलेल्या कार्डांवर.

सेवा धड नाही म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी संशोधकांनी एक साधी युक्ती वापरली. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन, ठरावीक लक्षणे सांगणारे रुग्ण म्हणून त्यांना दवाखान्यांत पाठवायचे आणि बाहेर आल्यावर डॉक्टरांनी काय विचारले, काय तपासले, काय लिहून दिले ते नोंदवायचे. मुंबई आणि पाटण्यातल्या हजाराहून अधिक खासगी दवाखान्यांत क्षयाची लक्षणे सांगणारे असे रुग्ण गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साधारण ३५ टक्के भेटींतच उपचाराची दिशा बरोबर होती. मग डॉक्टरांना माहीतच नसते का? बिहारमधल्या ग्रामीण वैद्यक-व्यावसायिकांच्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. जुलाब झालेल्या मुलाला काय द्याल, असे तोंडी विचारल्यावर त्यांपैकी ७२ टक्क्यांनी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, सांगितले. प्रत्यक्ष तशीच तक्रार घेऊन माणूस आला तेव्हा ते दिले फक्त १७ टक्क्यांनी. पुडी स्वस्त आहे, औषधाच्या प्रत्येक दुकानात मिळते आणि तिचा उपयोग सगळ्यांना पाठ आहे. घोडे पेंड खाते ते माहीत असणे आणि करणे यांच्या मध्ये. म्हणूनच ‘प्रशिक्षण वाढवा’ हे सरकारी बैठकांतले ठरलेले उत्तर अपुरे पडते.

पुढचे उत्तर म्हणून यादी आली. विमान उडवण्यापूर्वी वैमानिक जशी यादी पडताळतात, तशी शस्त्रक्रियेआधी पडताळावी, या कल्पनेची चाचणी नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत झाली आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ साली जाहीर झाले. त्या उत्साहातून बाळंतपणासाठीही जागतिक आरोग्य संघटनेची यादी तयार झाली आणि तिची सर्वांत मोठी परीक्षा आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या १२० सरकारी केंद्रांत झाली. निम्म्या केंद्रांत मार्गदर्शक येत, नर्सबाईंच्या शेजारी उभे राहून हात धुण्यापासून बाळाला छातीशी देण्यापर्यंतची १८ कामे होतात की नाही ते पाहत, सुधारणा सांगत. दोन महिन्यांनी अशा केंद्रांत ही कामे ७३ टक्के वेळा होत होती, इतर केंद्रांत ४२ टक्के. एवढे होऊनही दीड लाखाहून अधिक मायलेकरांच्या नोंदींतून २०१७ साली जो निकाल आला तो अभ्यासकांना सुन्न करणारा होता. बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा आईला गंभीर इजा, यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण एका बाजूला १५.१ टक्के होते आणि दुसऱ्या बाजूला १५.३ टक्के. मार्गदर्शन थांबल्यावर कामांचे प्रमाणही ६२ टक्क्यांपर्यंत घसरले.

या निकालावरून सुधारणेचे सगळे प्रयत्न फोल आहेत असे कुणी म्हणेल. मला त्याचा अर्थ वेगळा दिसतो. यादी आठवण करून देते. पण बाळ रडले नाही तर त्याला श्वास देण्याचा सराव असलेले हात, अडलेल्या बाईसाठी सिझेरियनची सोय, रक्ताची पिशवी, रात्री दोन वाजता हाकेला ओ देणारा डॉक्टर हे काही कागद पुरवू शकत नाही. आठवण झाली आणि साधन नसेल तर नर्सबाईंच्या पदरी हतबलताच येते.

याच्या शेजारी २०२३ चा एक अभ्यास ठेवून पाहावा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतली सुमारे ८० रुग्णालये आणि दोन लाखांहून अधिक बाळंतिणी त्यात होत्या. प्रश्न होता बाळंतपणानंतर अंगावरून अतोनात जाण्याचा. आईच्या मृत्यूचे जगभरातले हे सर्वांत मोठे कारण. रक्त किती गेले याचा अंदाज आजवर डोळ्यांनी घेतला जाई, आणि चादरीत, बोळ्यांत, जमिनीवर पसरलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमीच वाटते. या अभ्यासात बाळंतिणीखाली प्लास्टिकची एक चादर अंथरत. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. रक्त त्या पिशवीत उतरते आणि ठरलेल्या रेघेला टेकले की कुणाला विचारत न बसता नर्सबाईंनी पाच गोष्टी एका दमात करायच्या: गर्भाशय चोळणे, ते आवळणारे औषध देणे, ट्रॅनेक्झामिक ॲसिड टोचणे, सलाईन लावणे आणि रक्त कुठून येते ते तपासून गरज पडल्यास वरच्यांना बोलावणे. औषधे कपाटात कुलपाआड नसत, एका ट्रॉलीवर हाताशी असत. पूर्वी निम्मे रक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, आता ९३ टक्के ओळखले जाऊ लागले. एक लिटरहून अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्याने मृत्यू येणे हा एकत्रित धोका ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. हे यश मुख्यतः गंभीर रक्तस्राव टळल्याचे आहे आणि नवजाताचा मृत्यू हा याहून गुंतागुंतीचा प्रश्न आहे, तेव्हा दोन्ही अभ्यासांची तुलना बेताने करावी. तरी फरक डोळ्यांत भरतो. इथे सूचनेसोबत माप होते, औषध होते आणि कृती करण्याचा अधिकार होता.

खाटेजवळ काय बदलले म्हणजे जीव वाचतो, याची आणखी दोन उदाहरणे आपल्या देशाशी जोडलेली आहेत. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत जुनीच, पण आजवर ती बाळ स्थिर झाल्यावर सुरू होई. तोवर बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या वॉर्डात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांनी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली आणि जन्मानंतर लगेच बाळ तिच्या छातीशी दिले. दिवसाचे सरासरी सतरा तास बाळ आईच्या उबेत राहू लागले. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्के होते, ते १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. दुसरे उदाहरण झारखंडचे. क्षयाच्या २,८०० रुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांपैकी निम्म्या गटाला दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या मिळाल्या. त्या गटात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले, आणि फुप्फुसाचा, थुंकीतून सिद्ध झालेला क्षय ४८ टक्क्यांनी. औषध लिहून देणे हा उपचाराचा अर्धा भाग झाला. ते पोटात गेल्यावर लागू पडावे अशी अंगात ताकद असणे हाही उपचारच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, जिथे दवाखानाच नाही तिथे दर्जाच्या गप्पा कशाला? मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पाड्यावर आधी रस्ता हवा, रुग्णवाहिका हवी. ते हवेच. देशातला मातामृत्यूचा दर २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे २५४ होता, तो २०१८-२० मध्ये ९७ वर आला, त्यात दवाखान्यापर्यंत पोचण्याचा वाटा नाकारता येणार नाही. पण पोहोच आणि दर्जा या एकापाठोपाठ चढायच्या पायऱ्या नव्हेत, हे गडचिरोलीनेच दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना तयार केले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत, अंगाला हात लावून बाळ गार पडले का ते पाहत आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. दवाखाना दूर होता, पण सेवा दर्जेदार होती. आज देशभर आशाताई नवजाताच्या घरी भेटी देतात, त्याचे मूळ या कामात आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. दर्जा म्हणजे माणसे, आणि माणसे म्हणजे पगार. युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे रुग्णालयांच्या अभ्यासात, एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यावर कुणी म्हणेल, नर्स जास्त असलेली रुग्णालये मुळातच चांगली असतील. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली कायद्याने नर्स आणि रुग्ण यांचे प्रमाण ठरवून दिले आणि अभ्यासकांनी कायदा लागू झालेल्या व न झालेल्या रुग्णालयांची आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहिली. रुग्णांचा मुक्काम आणि पुन्हा दाखल होणे कमी झाल्यामुळे वाचलेला पैसा जादा नर्सच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाला. आपली परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य. पण रेघा आखलेली प्लास्टिकची चादर, आईची हलवलेली खाट आणि दीड किलो डाळ यांतले काहीही आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. रिकाम्या पदांवर वाचवलेला पैसा रुग्णांच्या जिवावर वाचतो, एवढे तरी या अभ्यासांनंतर स्पष्ट म्हणायला हवे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: लोकांनाच सुई आणि सलाईन हवी असते, ओआरएसची पुडी दिली तर ते दुसऱ्याकडे जातात. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून तो तपासलाही गेला. कर्नाटक आणि बिहारमधल्या अडीचशे मध्यम आकाराच्या शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे मुलाला जुलाब होत असल्याचे सांगणारे पालक म्हणून माणसे पाठवली गेली. २०२४ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. पुडी न लिहिण्यामागे ती साठ्यात नसणे किंवा दुसऱ्या औषधावरचा नफा यांचा वाटा प्रत्येकी पाच-सहा टक्के होता. ‘रुग्णाला ती नको असते’ या डॉक्टरांच्या समजुतीचा वाटा ४२ टक्के होता. ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची होती. पालकाने आपण होऊन पुडीला पसंती दर्शवली, तेव्हा ती लिहून देण्याचे प्रमाण २७ टक्क्यांच्या फरकाने वाढले.

या सगळ्या पुराव्यातून माझा निष्कर्ष एवढाच आहे: आरोग्यसेवेचा हिशेब दारात संपू नये, तो खाटेपाशी व्हावा. जिल्हा रुग्णालयाने वर्षाला किती बाळंतपणे केली हे सांगण्याबरोबर किती आयांचा रक्तस्राव वेळेत आटोक्यात आला, किती बाळे २८ दिवसांनंतर सुखरूप आहेत, रात्रपाळीत एका नर्सकडे किती रुग्ण होते, हे फलकावर लिहावे. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, निवडणुकीच्या सभेत नव्या इमारतीच्या मागणीसोबत हे आकडेही मागितले जावेत. आणि तोवर प्रत्येक वाचकाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. घरातल्या मुलाला जुलाब लागले आणि दवाखान्यात जाण्याची वेळ आली, तर डॉक्टर काही लिहायच्या आत जलसंजीवनीची पुडी आपण होऊन मागा.