फांदी कुठून कापायची?

फांदी आधी खालून कापायची, मग वरून. उद्यानविद्येच्या प्रात्यक्षिकात हा धडा सुरुवातीलाच येतो. बुंध्यापासून हातभर अंतर सोडून खालच्या बाजूने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत करवत चालवतात. मग थोडं पुढे सरकून वरून कापतात आणि फांदी उतरवतात. उरलेलं थुटूक काढताना बुंध्यालगतची फुगीर कड मात्र राखायची. थेट वरूनच करवत लावली, तर अर्धवट कापलेली फांदी आपल्याच वजनाने मोडते आणि जाता जाता बुंध्याची साल सोलून नेते. तिथे बुरशी शिरली की धडधाकट झाड आतून पोकळ होत जातं.

बागेत आलेल्यांना फुलं दिसतात, हिरवळ दिसते. बाग सांभाळणाऱ्याचं लक्ष मात्र मातीकडे, मुळांकडे आणि येणाऱ्या ऋतूकडे असतं.

मुंबईत मलबार हिलवरचं फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, १८८०च्या दशकात चक्क जलाशयाच्या छतावर आखलं गेलं. छतावर मातीचा थर तो कितीसा असणार? तिथे वड-पिंपळ लावून चालत नाही. मुळं बांधकामात घुसतात. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं ही या बागेची ओळख आहे. जागा पाहून झाड निवडायचं, ते असं.

हे शिकायचं कुठे? बारावी विज्ञान आणि सीईटीनंतर उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी घेता येते. दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र महाविद्यालयं आहेत. आपल्याकडे या शाखेचा मोठा भार फळबागांवर असतो. आंबा, संत्रं, डाळिंब यांचं राज्यच ते! उद्यानांकडे वळणाऱ्यांनी पुष्पशास्त्र आणि प्रांगणरचनेकडे जास्त लक्ष द्यावं. पण मृदाशास्त्र, कीटकशास्त्र आणि वनस्पतींचे रोग यांतून कुणाचीच सुटका नाही, आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या रस्त्यांवरचे कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने वाळले. पानांवरचा तो पांढरा कापूस वेळेत ओळखणारी नजर याच विषयांतून तयार होते.

नोकऱ्या महापालिकांच्या उद्यान विभागांत आहेत, तशा मोठ्या वसाहती, कंपन्यांचे परिसर आणि रोपवाटिकांतही. पालिकेतल्या पदाला कायद्याची जबाबदारीही चिकटते. शहरी झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावण्याची तरतूद आणली. म्हणजे घेर मोजून, जात ओळखून वयाचा अंदाज बांधता येणं हे आता कागदोपत्री महत्त्वाचं काम झालं आहे.

पुण्याची एम्प्रेस गार्डन सुमारे ३९ एकरांची. १८३० साली स्थापन झालेली संस्था ती सांभाळते. जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शनाला झुंबड उडते. पिटुनियाच्या रंगीत वाफ्यांसमोर लोक फोटो काढतात, तेव्हा त्या फुलांना काही महिन्यांचा हिशेब मागे असतो: पाऊस ओसरताना पेरलेलं बारीक बी, वाफ्यात हलवलेली नाजूक रोपं, वेळेवर खुडलेले शेंडे. एक आठवडा चुकला, तर प्रदर्शनाच्या दिवशी वाफ्यात नुसत्या कळ्या.