फाळणीचा वारसा आणि नलिनी मलानी यांची कला

युद्ध, फाळणी किंवा मोठी दंगल यांमुळे घर सोडावे लागलेल्या माणसांची नोंद सरकारी दप्तरात आकड्यांनी आणि इतिहासग्रंथांत कारणमीमांसेने होते. परंतु ज्यांनी तो काळ प्रत्यक्ष पाहिला नाही अशा त्यांच्या मुलाबाळांच्या मनात तो कसा उतरतो आणि तिथे काय करतो, याचा शोध मुख्यतः साहित्यिकांनी आणि चित्रकारांनी घेतला आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर तेथील कलावंतांपुढे हेच काम उभे राहिले. झाना कादिरोवा या शिल्पकार कीव शहर सोडून देशाच्या पश्चिम टोकाला एका खेड्यात आश्रयाला गेल्या आणि तेथील नदीतले गुळगुळीत गोटे कापून त्यांनी पावाच्या कापांसारखी शिल्पे घडवली, तर अलेव्तिना काखीद्झे यांनी त्याआधीच, 2014 पासून पूर्वेकडील अशांत प्रदेशात अडकून पडलेल्या आपल्या आईचे दैनंदिन जगणे साध्या रेखाटनांतून मांडले. या दोघींच्या कामात रणांगणाचे दृश्य जवळजवळ नाही. पाव, आई आणि रोजचे व्यवहार यांतूनच युद्धाचा अर्थ उलगडतो. महाराष्ट्रात हीच वाट अनेक वर्षे आधी नलिनी मलानी यांनी धरली होती.

मलानी यांचा जन्म 1946 मध्ये कराचीत झाला आणि फाळणीमुळे त्यांच्या कुटुंबाला कोलकात्यात आसरा घ्यावा लागला. वडील टाटा एअरलाइन्सच्या, म्हणजे पुढील एअर इंडियाच्या, सेवेत असल्याने 1954 मध्ये हे कुटुंब मुंबईस आले. त्या काळी सिंधमधून आलेल्या लाखो निर्वासितांचा मोठा हिस्सा महाराष्ट्राने सामावून घेतला. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून 1949 मध्ये उल्हासनगर उभे राहिले, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात, जिथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहत होते, तिथे सिंधी कुटुंबांची गांधीनगर ही वसाहत झाली, आणि नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीतही अशा कुटुंबांना निवारा मिळाला. म्हणूनच मलानी यांच्या कलेतला विषय मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याची मुळे याच भूमीतल्या छावण्यांत आणि चाळींतही रुजलेली आहेत.

फाळणीच्या वेळी मलानी जेमतेम दीड वर्षाच्या होत्या, त्यामुळे त्यांच्याजवळ त्या काळाची स्वतःची आठवण नव्हती. जे होते ते घरात बोलले गेलेले आणि न बोलता राहिलेले दुःख. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून 1969 मध्ये पदविका घेतल्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये दोन वर्षे अभ्यास केला आणि 1973 मध्ये त्या मुंबईस परतल्या. तिथे लोहार चाळीच्या गजबजलेल्या वस्तीत काम करताना त्यांनी कष्टकऱ्यांचे आणि विशेषतः स्त्रियांचे जगणे जवळून पाहिले. हिंसेचा सर्वांत खोल घाव स्त्रीच्या देहावर होतो आणि तरीही इतिहासात तिचाच आवाज सर्वांत क्षीण असतो, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व कामाच्या मुळाशी आहे.

या जाणिवेला साजेसे रूप शोधताना चौकटीत बसवलेले तैलचित्र त्यांना अपुरे वाटू लागले आणि त्या मांडणशिल्पाकडे, म्हणजे संपूर्ण दालनच कलाकृती बनवून प्रेक्षकाला तिच्या आत वावरायला लावणाऱ्या प्रकाराकडे, वळल्या. 1992 मध्ये मुंबईच्या गॅलरी शेमोल्डमध्ये त्यांनी थेट भिंतींवर चित्रे काढली आणि प्रदर्शन संपताच ती पुसून टाकली; राजस्थानात नाथद्वारा येथील जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत असल्याकडे त्यांना लक्ष वेधायचे होते. विकता येणार नाही आणि जपूनही ठेवता येणार नाही अशा या चित्रांतून नाश ही गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडत होती.

मे 1998 मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्यानंतर मलानी यांनी ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ मांडणशिल्प उभे केले, जे मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मांडले गेले. या कामामागे सआदत हसन मंटो यांची कथा आहे. फाळणीनंतर दोन्ही देशांनी वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांचीही वाटणी करायचे ठरवल्यावर आपले गाव नेमके कोणत्या देशात आहे हे विचारत राहणारा एक रुग्ण अखेर दोन सीमांमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो, अशी ती कथा होय. मलानी यांच्या दालनात समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी करण्याचा प्रयत्न करताना दिसतात, पण मधले अंतर ओलांडता येत नसल्याने घडी कधीच पूर्ण होत नाही. अन्य भिंतीवर हिरोशिमा व नागासाकीच्या स्फोटांची दृश्ये उमटतात, आणि जमिनीवर पत्र्याच्या 12 ट्रंकांत ठेवलेल्या पडद्यांवर विस्थापितांची चित्रे चालू असतात. निर्वासिताचा सगळा संसार ज्या ट्रंकेत मावत असे, तीच ट्रंक इथे पन्नास वर्षे आधीच्या फाळणीला त्या वेळच्या अण्वस्त्रस्पर्धेशी जोडते. ज्या द्वेषाने तेव्हा माणसे बेघर केली, त्याच्या हाती आता संपूर्ण शहरे पुसून टाकण्याची शक्ती आली आहे, हा इशारा त्यातून मिळतो.

2005 च्या ‘मदर इंडिया’ या पाच पडद्यांच्या कामामागे समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांचे लेखन होते. फाळणीत दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे पाऊण लाख ते एक लाख स्त्रियांचे अपहरण झाले असा अंदाज आहे. त्यांच्या शोधासाठी भारतात 1949 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, परंतु तिला कोणाकडे राहायचे आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या स्त्रीला क्वचितच मिळाला. देशाला माता म्हणून पूजणाऱ्या समाजात प्रत्यक्ष स्त्रीच्या देहावर मात्र सूड उगवला जातो, ही विसंगती मलानी यांनी फाळणीपासून 2002 च्या गुजरातमधील हिंसाचारापर्यंत जोडून दाखवली.

त्यांचे तंत्रही या आशयापासून वेगळे काढता येत नाही. पारदर्शक पृष्ठभागाच्या मागच्या बाजूने रंगवण्याची उलट चित्रणाची पद्धत अठराव्या शतकात चीनच्या व्यापारातून पश्चिम भारतात आली. तीत समोर दिसणारी रेषा आधी काढावी लागते आणि पार्श्वभूमी शेवटी भरली जाते. मलानी यांनी ती मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या नळकांड्यांवर वापरली, ती नळकांडी फिरती ठेवली आणि त्यांतून प्रकाश सोडून भिंतींवर छाया पाडल्या. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. 2012 मध्ये जर्मनीतील कासेल येथे डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनात मांडलेल्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ या कामात अशी पाच नळकांडी होती आणि त्याचे शीर्षक फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतलेले होते. एक प्रतिमा दुसरीवर सरकते, क्षणभर तिला झाकते आणि पुन्हा वर येते; शिवाय दालनात उभ्या असलेल्या प्रेक्षकाची सावलीही त्यात मिसळत असल्याने त्याला स्वतःला या इतिहासाबाहेर ठेवता येत नाही.

2023 मध्ये मलानी यांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला, तेव्हा युक्रेनमधून परागंदा झालेल्यांची संख्या लाखांच्या घरात होती आणि त्यांची मुले परक्या देशांतल्या शाळांत शिकत होती. या मुलांच्या पिढीला युद्धाची स्वतःची आठवण पुसट असेल, पण त्याचा वारसा चुकणार नाही, हे मलानी यांच्या पन्नास वर्षांच्या कामावरून समजते. म्हणून विस्थापितांच्या कलेकडे केवळ करुणेचा विषय म्हणून पाहणे पुरेसे नाही. ती इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासली गेली पाहिजे आणि उल्हासनगर, गांधीनगर व देवळाली येथील कुटुंबांच्या स्मृतींनाही महाराष्ट्राच्या शाळांत, संग्रहालयांत आणि स्थानिक इतिहासात त्यांचे हक्काचे स्थान मिळाले पाहिजे.