नदीला बांध, सायकलला वाट

युरोपातल्या नदीकाठच्या सायकलवाटांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं बहुधा डॅन्यूबवरच थांबतं. आल्प्समधली एट्श त्या मानाने अनोळखी. जर्मन बोलणारे तिला एट्श म्हणतात, इटालियन लोक आडिजे. ऑस्ट्रियाच्या सीमेलगत रेशन खिंडीजवळ, साधारण १५५० मीटर उंचीवर ती उगम पावते आणि सुमारे ४१० किलोमीटर वाहत जाऊन आड्रियाटिक समुद्राला मिळते. पो नदीनंतर इटलीतली ही सर्वांत लांब नदी. खिंडीपासून वेरोना शहरापर्यंत तिच्या काठाने जी सायकलवाट जाते ती तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर भरते. वाटेत बर्फाची शिखरं, सफरचंदाच्या बागा, द्राक्षमळे आणि शेवटी रोमन रंगमंडळ असलेलं शहर, असा सगळा सरंजाम आहे.

पण या वाटेची खरी गंमत निसर्गशोभेत नाही. तिचा बराचसा भाग मुळात सायकलसाठी केलेलाच नाही. कुठे ती पूर अडवणाऱ्या बांधाच्या माथ्यावरून जाते, तर कुठे शेतमालाच्या ट्रॅक्टरवाटेवरून. दोन शतकं या खोऱ्यातल्या माणसांनी नदीशी जे काही केलं, त्याचा हिशेब सायकलवरून जाताना उलगडत जातो.

पाण्यातला मनोरा

सुरुवातीलाच रेशनचा तलाव लागतो. निळ्या पाण्यातून चर्चचा एक दगडी मनोरा वर आलेला दिसतो. चौदाव्या शतकातला हा मनोरा ग्राउन गावाचा. गाव पाण्याखाली आहे.

इथे पूर्वी नैसर्गिक तळी होती. वीजनिर्मितीसाठी त्यांची पातळी बावीस मीटरनी वाढवायचं १९३९च्या सुमाराला ठरलं. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला होता आणि मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या होत्या. योजनेची सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली ती इटालियन भाषेत. जर्मन बोलणाऱ्या बहुसंख्य गावकऱ्यांना ती धड वाचताही येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धामुळे काम थांबलं, तेव्हा लोकांना वाटलं, संकट टळलं. युद्धानंतर मोंतेकातिनी या बड्या उद्योगसमूहाने स्विस पैशाच्या बळावर काम पुन्हा हाती घेतलं. गावचे धर्मगुरू थेट पोपपर्यंत जाऊन आले. उपयोग झाला नाही. १९५०च्या उन्हाळ्यात घरं सुरुंगाने पाडली गेली आणि पाणी चढलं. १६३ घरं आणि सव्वापाचशे हेक्टरच्या आसपास जमीन गेली. मनोरा ऐतिहासिक वास्तू म्हणून वाचला.

मुळशीच्या सत्याग्रहाची आठवण असलेल्या मराठी वाचकाला ही कथा निराळी समजावून सांगायला नको. तिथेही वीज शहराची होती आणि जमीन मावळातली. आज ग्राउनच्या काठावर वाहनतळ आहे आणि मनोऱ्यासमोर फोटोसाठी गर्दी असते. त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांना हे गाव कसं गेलं याची कल्पना नसते. मार्को बाल्झानो यांच्या २०१८ सालच्या इटालियन कादंबरीने ती गोष्ट इटलीभर पोचवली.

पावसाच्या सावलीतलं खोरं

तलावापासून खाली उतरताना माल्सच्या माळावर एकदम मोकळं वाटतं. डोंगरातून वाहून आलेल्या दगडमातीचा हा प्रचंड पंखा. त्यावरून वाट झपाट्याने उतरते. समोर ओर्टलर शिखराचा बर्फ, उजवीकडे टेकडीवर मारियनबेर्गचा पांढरा मठ. खाली ग्लुर्न्स. लोकवस्ती हजाराच्या आत, पण तटबंदी आजही अखंड.

या वरच्या खोऱ्याला फिन्शगाउ म्हणतात. चहूबाजूंच्या उंच डोंगरांनी ढग अडवल्यामुळे इथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. हिरवळ दिसते ती पाटाच्या पाण्याची. हिमनद्यांच्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेने शेतापर्यंत आणणाऱ्या या पाटांना इथे 'वाल' म्हणतात. शेकडो वर्षं ते चालू आहेत. प्रत्येक पाटावर एक पाटकरी असे. रात्रंदिवस मैलोनमैल फिरणं शक्य नाही, म्हणून त्याने युक्ती केली. पाण्याच्या धारेवर फिरणारं छोटं लाकडी चाक, त्याला जोडलेली हातोडी आणि समोर घंटा. पाणी वाहतंय तोवर ठणठण चालू. आवाज थांबला की पाटकरी समजायचा, वर कुठे तरी दरड कोसळली किंवा फांदी अडकली. आज बहुतेक शेतांत तुषार सिंचन आलं आहे, पण काही पाट राखले आहेत आणि त्यांच्या कडेच्या पाऊलवाटांवर पर्यटक चालतात. सायकल खाली ठेवून तासभर त्यावरून चालावं.

पुढे लास. इथला पांढरा संगमरवर इतका मुबलक की गावातले पदपथही त्याचेच. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मशानभूमींतले हजारो क्रूस याच दगडाचे आहेत.

बंद पडलेली रेल्वे

मेरान ते माल्स ही रेल्वे १९०६ साली सुरू झाली आणि १९९० साली तोट्यामुळे बंद पडली. एरवी अशा मार्गाचे रूळ उखडून रस्ता रुंद करण्याचा विचार होतो. इथल्या प्रांतिक सरकारने उलटं केलं. मार्ग ताब्यात घेतला, स्थानकं दुरुस्त केली, नवे हलके डबे आणले आणि २००५ साली गाडी पुन्हा सुरू केली. सायकलवाटेचं यश या निर्णयात आहे. लोक गाडीने माल्सपर्यंत वर जातात, स्थानकावरच सायकल भाड्याने घेतात, नदीच्या उताराने खाली येतात आणि दमले की मधल्या एखाद्या स्थानकावर सायकल परत करून गाडीत बसतात. साठीच्या बायका, लहान मुलं, पहिल्यांदाच इतकं अंतर कापणारे, सगळे या वाटेवर दिसतात ते त्यामुळेच.

मेरानच्या अलीकडे ट्योलजवळ खोऱ्याची पायरी उतरते. नागमोडी वळणांवर ब्रेक तापतात. रेशनपासून इथवर वाट हजार मीटरहून जास्त उतरलेली असते. मेरान ३२५ मीटरवर आणि वेरोना ६० मीटरवर. उरलेल्या जवळपास दोनशे किलोमीटरमध्ये उतार असा नाहीच. जुने रोमन अभियंते हे जाणून होते. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४६-४७ मध्ये पूर्ण केलेला व्हिया क्लॉडिया आउगुस्टा हा रस्ता याच खोऱ्यातून आल्प्स ओलांडत असे. त्याचा एक मैलाचा दगड मेरानजवळ राब्लांडला सापडला आहे.

दलदलीवरची सफरचंदं

मेरान ते बोल्झानो आणि पुढे सालुर्नपर्यंत दोन्ही बाजूंना सफरचंदाशिवाय काही दिसत नाही. युरोपीय संघात पिकणाऱ्या सफरचंदांपैकी सुमारे दहा टक्के या एका प्रांतातली. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत हा तळ दलदलीचा होता. नदी मनाला येईल तशी वळत असे, हिवताप होता, गावं म्हणून डोंगराच्या पायथ्याला उंचावर वसली. मग नदी सरळ केली, दोन्ही काठांना बांध घातले, चर खणून पाणी काढलं. वेरोना-बोल्झानो रेल्वे १८५९ साली पूर्ण झाली, तिलाही पुरापासून संरक्षण हवं होतं. त्या बांधांच्या माथ्यावरून देखभालीची वाट ठेवली गेली. सायकल आज बरीचशी तिच्यावरून धावते.

एप्रिलमध्ये इथे आलात तर पहाटेचं एक दृश्य चुकवू नका. बहराच्या दिवसांत पारा शून्याखाली जायची चिन्हं दिसली की शेतकरी रात्रीच तुषार सोडतात. पाणी फुलांवर गोठतं. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातली कळी शून्याच्या आसपास टिकून राहते. सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत तुषार बंद करता येत नाहीत, नाहीतर कळी जळते. सकाळी सायकलवरून जाताना मैलभर काचेची झाडं उभी दिसतात. सप्टेंबरात हीच वाट पेट्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांची असते. तेव्हा बाजूला होऊन थांबायचं, हा इथला शिष्टाचार.

या संपन्नतेला दुसरी बाजू आहे. बागांतल्या फवारण्यांविरुद्ध माल्सच्या गावकऱ्यांनी २०१४ साली जनमत घेतलं आणि मोठ्या बहुमताने कीटकनाशकमुक्त गावाचा कौल दिला. त्यावरून न्यायालयीन लढाई झाली. फळांच्या या समुद्रातून जाताना हा वाद लक्षात ठेवावा.

पूर, बोगदा आणि वेरोना

सालुर्नच्या अरुंद खिंडीत भाषा बदलते. त्रेंतो शहरात नदी चक्क हलवली आहे. पूर्वी ती वळसा घेऊन शहरातून जायची; १८५०च्या दशकात रेल्वेसाठी तिला सरळ पात्रात बाहेर काढलं. तिला हे मान्य नसल्यासारखं १९६६च्या नोव्हेंबरात ती शहरात परत शिरली.

पूर अडवायचा दुसरा उपाय रोवेरेतोच्या पुढे मोरीजवळ आहे. १९३९ साली सुरू होऊन १९५९ साली पुरा झालेला दहा किलोमीटरचा बोगदा नदीचं जादा पाणी डोंगराखालून गार्दा तलावात सोडतो. तो क्वचितच उघडतात, कारण नदीचं थंड, गाळाचं पाणी तलावाला मानवत नाही. तलाव मात्र नदीला एक गोष्ट परत करतो. दुपारनंतर गार्दावरून 'ओरा' नावाचा दक्षिणेचा वारा उठतो आणि खोऱ्यातून वर चढतो. दक्षिणेकडे निघालेल्या सायकलस्वाराच्या तो तोंडावर येतो. म्हणून त्रेंतोच्या आसपासचा टप्पा सकाळी उरकावा.

वेरोनाला १८८२ सालच्या महापुराने हादरा दिला. त्यानंतर काठाला उंच भिंती उभ्या राहिल्या आणि नदीत तरंगणाऱ्या पाणचक्क्या इतिहासजमा झाल्या. सायकलवाट इथे संपवली तरी चालते.

पूर्ण वाटेसाठी मे ते ऑक्टोबर हा जायचा काळ. बर्फ आणि गर्दी दोन्ही टाळायची तर सप्टेंबर उत्तम. सायकल तिकडेच भाड्याने घ्या, वरून खाली या आणि रेल्वेचं वेळापत्रक जवळ ठेवा.

आपल्याकडे सायकलवाटेची चर्चा रंगवलेल्या पट्ट्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. एट्शच्या काठी रंगाला फारसं महत्त्व नाही. पाटबंधारे खात्याने बांधावरची देखभालवाट खुली केली, रेल्वेने सायकलला डब्यात जागा दिली, शेतकऱ्याने आपली वाट वाटून घेतली. म्हणून ही सायकलवाट झाली. आपल्या नद्यांच्या काठी अशी वाट हवी असेल तर पहिली बैठक या तिघांची लावावी लागेल.