लावलेले झाड आणि जगलेले झाड

जुलै महिना उजाडला, पहिल्या पावसाने जमीन भिजली, की गावोगावी शाळांच्या आवारात, टेकड्यांच्या उतारांवर आणि रस्त्यांच्या कडेला खड्ड्यांच्या ओळी दिसू लागतात. वनमहोत्सवाची ही प्रथा १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केली. तेव्हापासून दर पावसाळ्यात सरकारी रोपवाटिकांतून असंख्य रोपे बाहेर पडत आली आहेत. महाराष्ट्र शासनाने तर २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत मिळून पन्नास कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला होता. आकडा डोळे दिपविणारा आहे यात शंका नाही. परंतु वनविद्या जाणणारा मनुष्य किती रोपे लावली एवढेच विचारून थांबत नाही; तीन वर्षांनी त्यांतील किती उभी आहेत, हे तो विचारतो. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, असा विनोद गावकरी करतात. तो अगदीच निराधार नसतो.

रोपाचा जन्म मोठा नाजूक असतो. रोपवाटिकेत त्यास सावली मिळते, वेळेवर पाणी मिळते, पिशवीतील माती सकस असते. तेथून उचलून ते उघड्या माळावर नेले, की त्याची खरी परीक्षा सुरू होते. म्हणून पूर्वतयारी पावसाच्या कितीतरी आधी करावी लागते. खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवतात. त्यायोगे खालची माती उन्हाने तापते आणि तिच्यातील कीड मरते. उतारावर समपातळीत चर खणतात. त्यांत पावसाचे पाणी अडते आणि वाहून जाणारी माती तेथेच राहते. सागाची लागवड करावयाची असेल, तर पुष्कळदा पिशवीतील रोप न आणता ‘जडी’ लावतात. जडी म्हणजे वर्षभर वाढलेल्या रोपाचा शेंडा छाटून उरविलेला, बोटाएवढ्या जाडीचा मुळासह तुकडा. दिसावयास ती वाळक्या काटकीसारखी असते. पण पहिल्या पावसात तिला हिरवे कोंब फुटतात.

पहिला पावसाळा रोप सहसा निभावून नेते. संकट येते ते पुढच्या उन्हाळ्यात. मार्च उजाडेपर्यंत भोवतीचे गवत वाळून कोळ होते आणि एखाद्या ठिणगीने सारे रान पेटते. ही आग पुष्कळदा कोणी द्वेषाने लावलेली नसते. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि तो जाळ वाऱ्यासरशी पसरत जातो. म्हणून वनखाते उन्हाळ्यापूर्वी गवत काढून मोकळे पट्टे तयार करते. त्यांना जाळरेषा म्हणतात. आगीतून वाचलेल्या रोपास शेळ्या व गुरे खातात. त्यांतूनही वाचले, तर तणाशी झुंजावे लागते. दोन-तीन वर्षे खुरपणी, आळी करणे, मातीची भर घालणे आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावणे ही कामे न चुकता करावी लागतात. पुढे झाडे दाट होऊन एकमेकांचा प्रकाश अडवू लागली, म्हणजे त्यांतील दुबळी व वाकडी झाडे काढून टाकतात. या कामास विरळणी म्हणतात. झाड तोडणे हे नेहमीच वनाचे नुकसान असते, ही समजूत बरोबर नाही. चांगल्या वनव्यवस्थेत कुऱ्हाडीलाही जागा असते. मात्र ती कोणी, केव्हा आणि किती चालवावी, हे आधी ठरलेले असावे लागते.

ही सर्व कामे पैशांवाचून होत नाहीत, आणि येथेच शासनाच्या साहाय्याचा प्रश्न येतो. झाडाचे उत्पन्न वर्षानुवर्षे हाती पडत नाही. आंब्याच्या कलमासही चांगली फळे धरावयास चार-पाच वर्षे लागतात. सागाच्या खोडाला किंमत येईपर्यंत लावणारा म्हातारा होतो. तोपर्यंत त्याने खावे काय? महाराष्ट्र शासनाने १९९० साली फळबाग लागवडीची सांगड रोजगार हमी योजनेशी घातली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात खड्डे खणावे, कलमे लावावी, पाणी घालावे, आणि त्या कामाची मजुरी शासनाने द्यावी, अशी ही योजना होती. कोकणातील कातळाळ जमिनीवर आंबा व काजू, आणि घाटावरील हलक्या जमिनीत डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या. राज्यातील फळबागांखालील क्षेत्र काही वर्षांतच कितीतरी पटींनी वाढले.

पुढे २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान देण्याची रीत अधिक विचारपूर्वक ठरविलेली दिसते. अनुदानाची रक्कम एकदम हाती न देता ती तीन वर्षांत विभागली आहे: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के. पहिल्या वर्षी किमान ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी किमान ९० टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत, अशी अटही घातलेली आहे. म्हणजे शासन खड्डा मोजून थांबत नाही. झाड मोजावयास पुन्हा येते. शेताच्या बांधाआड, मालकाच्या डोळ्यांसमोर वाढणाऱ्या झाडाच्या बाबतीत हा उपाय सोपा आहे. परंतु गावाच्या टेकडीवरील झाडाचा मालक कोण? त्याच्यासाठी उन्हाळ्याच्या रात्री आग विझवावयास कोणी धावावे? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचे उत्तर निरनिराळ्या राजवटींनी निरनिराळे दिले.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड मिळविण्याचा विचार आला आहे. हा मजकूर पुष्कळदा छत्रपती शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत केला जातो. वस्तुतः तो अमात्यांचा असून शिवकालीन राज्यनीतीचे सार त्यात उतरले आहे. आंबा, फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगी पडते हे अमात्य जाणून होते. तरीही या झाडांना हात लावू देऊ नये, असे ते बजावतात. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन उपयोगाचे राहिले नसेल, तरच ते धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन तोडावे, असे त्यांनी सांगितले. राज्याची गरज मोठी असली, तरी झाड वाढविणाराची संमती त्यांनी आवश्यक मानली.

इंग्रजी राजवटीत ही दृष्टी पालटली. रेल्वेचे रूळ पसरू लागले, तसतशी रुळांखाली घालावयाच्या लाकडी तुळयांची मागणी वाढत गेली आणि साग, साल, देवदार यांची अरण्ये भराभर उजाड होऊ लागली. तेव्हा १८६४ साली वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिख ब्रँडिस नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. वनाची गणती करणे, ठरावीक भागांत पाळीपाळीने तोड करणे आणि प्रत्येक वनाची कार्य आयोजना लिहून ठेवणे ही शिस्त या खात्याने घालून दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु १८७८ च्या कायद्याने राखीव वने ठरविण्यात आली आणि ज्या रानात पिढ्यान् पिढ्या गुरे चारली, सरपण आणले, त्याच रानात गावकरी परका ठरला. खेड्यांतील गायराने व डोंगर फॉरेस्ट खात्याने गिळले, ही शेतकऱ्यांची व्यथा महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात १८८३ साली कळकळीने मांडली आहे. एखादे वन गावाच्या स्वाधीन करावे, अशी ‘ग्रामवना’ची तरतूद त्या कायद्यात होती, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली राष्ट्रीय वननीती जाहीर झाली आणि देशाच्या भूमीपैकी एक-तृतीयांश भाग वनाखाली असावा, असे ध्येय ठरले. ते अद्याप गाठावयाचे आहे. सरकारी वनावरचा सरपणाचा भार कमी व्हावा म्हणून पुढे सामाजिक वनीकरणाचा विचार पुढे आला. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने त्याची शिफारस केली आणि महाराष्ट्रात १९८२ पासून हे काम स्वतंत्रपणे सुरू झाले. रस्ते, कालवे, गायराने, शेतांचे बांध येथे झाडे लावावीत आणि गावाला सरपण व चारा मिळावा, हा हेतू उत्तम होता. पण अनेक राज्यांत शेतकऱ्यांनी लावली ती निलगिरी. ती लवकर वाढते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि कागदाचे कारखाने ती विकत घेतात. सरपण व चारा राहिला बाजूला. पुढे एकाच वेळी फार माल बाजारात आला, भाव कोसळले आणि ज्यांनी अनुदानाच्या रोपांवर भरवसा ठेवला होता, त्यांतील कित्येकांची निराशा झाली.

याच सुमारास बंगालमध्ये एका लहानशा जागी निराळा प्रयोग चालू होता. तत्कालीन मिदनापूर जिल्ह्यात आराबारी येथे सालाचे वन आहे. सालाचे झाड तोडले तरी त्याचे मूळ मरत नाही. बुंध्यापासून नवे फुटवे येतात. परंतु भोवतालच्या गावांतील गुरे ते फुटवे खात आणि उरलेले सरपणासाठी तोडले जात. वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांचे तेथील संशोधनही त्यामुळे निष्फळ होऊ लागले. पहारेकरी वाढविण्याऐवजी १९७२ साली ते गावकऱ्यांशी बोलावयास बसले. अकरा गावांतील ६१८ कुटुंबांनी सुमारे १,२७२ हेक्टर वन राखावे, त्यांना वनात काम मिळावे, सरपण व चारा न्यावयास मुभा असावी, आणि वन वाढून लाकूड विकले जाईल तेव्हा उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना मिळावा, असे ठरले. ज्या हातांत कुऱ्हाड होती, त्याच हातांत राखण आली. नवी रोपे फारशी लावावी न लागता जुन्या मुळांतून साल पुन्हा उभा राहिला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हिश्शाच्या या वचनाला राज्य सरकारची रीतसर मंजुरी मिळाली ती १९८७ साली. पंधरा वर्षे त्या कुटुंबांनी केवळ शब्दावर विसंबून वन राखले होते.

आराबारीचा दाखला देशाने स्वीकारला. १९८८ च्या नव्या वननीतीत वनाजवळ राहणाऱ्यांच्या गरजांना अग्रस्थान मिळाले. १ जून १९९० रोजी केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाविषयी राज्यांना कळविले आणि १९९२ मध्ये महाराष्ट्राने तसा निर्णय केला. गावोगावी वनव्यवस्थापन समित्या झाल्या. उत्तम काम करणाऱ्या समित्यांना पारितोषिके देण्यासाठी २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या योजनेला संत तुकारामांचे नाव देण्यात आले, हे औचित्याचेच झाले. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) हिवरे बाजारसारख्या गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वतःवर घालून घेतली आणि उघडे डोंगर हिरवे केले. सर्वच समित्या अशा निघाल्या नाहीत. जेथे निधी असेपर्यंतच सभा भरल्या, तेथे निधी संपताच रान पुन्हा बेवारशी झाले.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. वन हक्क कायदा २००६ साली संमत झाला, आणि २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. या वनाची मुख्य संपत्ती म्हणजे बांबू. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. म्हणजे मध, डिंक, तेंदूपान यांप्रमाणे तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क गावाचा. परंतु वनखाते बांबूला झाड मानीत आले होते, आणि खात्याच्या वाहतूक परवान्यावाचून तो गावाबाहेर नेता येत नव्हता. हक्क मिळाला, पण माल अडला. गावाने दांडगाई केली नाही. सर्वांच्या एकमताने निर्णय घ्यावयाचा, ही या ग्रामसभेची जुनी रीत. तिला धरून तिने पत्रव्यवहार चालू ठेवला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले.

बांबूचे बेट राखण्याची विद्या सोपी दिसते, पण तिला संयम लागतो. पावसाळ्यात बेटातून कोवळे कोंब वर येतात. त्या भागात त्यांना वास्ते म्हणतात. त्या दिवसांत तोड करावयाची नाही. तोडावयाचे ते जून झालेले बांबू. त्या वर्षीचे कोवळे बांबू बेटाला आधार म्हणून तसेच ठेवावयाचे. लोभाने सर्व बेट साफ केले, तर पुढील हंगामात काही हाती लागत नाही, आणि राखून तोडले, तर तेच बेट वर्षानुवर्षे देत राहते. पूर्वी हे नियम खात्याच्या आयोजनेत लिहिलेले असत आणि तोड ठेकेदाराची माणसे करीत. आता ते नियम ग्रामसभेत ठरतात, तोडणारे गावचेच असतात आणि बांबू गावाबाहेर निघतो तेव्हा त्याच्या परवान्यावर ग्रामसभेचा शिक्का असतो. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने वन कायद्यातील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळला, आणि वनाबाहेर, स्वतःच्या बांधावर बांबू वाढविणाऱ्या शेतकऱ्याचीही त्या कायद्याखालील परवान्यांतून सुटका झाली.