हळदीचे दूध आणि पाण्याने भरलेली फुफ्फुसे

गेल्या पंधरवड्यात अर्धापूर तालुक्यातून एका शेतकरी वाचकाचे चार पानी पत्र आले. घरची दोन एकर हळद आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या वडिलांना ताप आला, खोकला झाला आणि तिसऱ्या दिवशी धाप लागली. घरच्या हळदीचे गरम दूध, त्यात चमचाभर तूप, असा उपचार दोन दिवस चालला. बोलताना शब्द तुटू लागले, तेव्हा नांदेडला आणले. न्यूमोनियातून दोन्ही फुफ्फुसे पाण्याने भरली होती. अकरा दिवस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर राहून वडील सुखरूप घरी परतले. आता या गृहस्थांचा प्रश्न असा : हळदीतल्या कुर्क्युमिनने फुफ्फुसाची अशी सूज उतरते, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्याचे मोबाईलवर वाचले. मग आमची हळद कमी पडली, की आम्ही ती चुकीची दिली? आणि कुर्क्युमिनच्या गोळ्या आता वडिलांना सुरू कराव्यात काय?

असे प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतात. त्यामुळे आज सविस्तर उत्तर देत आहे.

प्रथम फुफ्फुसात काय बिघडते ते पाहू. आपल्या फुफ्फुसांत द्राक्षाच्या घडासारखे लहान लहान वायुकोश असतात. त्यांची संख्या तीस कोटींच्या घरात. हे सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर साधारण साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील, म्हणजे दोन-तीन खोल्यांचे घर. वायुकोश आणि रक्त यांच्यामध्ये केसापेक्षाही कितीतरी पातळ असा पडदा असतो. त्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुदोष, मलेरिया, आगीचा धूर, मोठा अपघात, श्वासनलिकेत गेलेली उलटी अशा कोणत्याही कारणाने शरीरात दाह भडकला की पांढऱ्या पेशी फुफ्फुसात गर्दी करतात. जंतूंशी चाललेल्या त्यांच्या मारामारीत हा पडदाच फाटतो. रक्तातील पाणी आणि प्रथिने वायुकोशात झिरपतात. मग बाहेरून कितीही प्राणवायू द्या, तो रक्तापर्यंत पोचत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी १९६७ साली अशा १२ रुग्णांचे वर्णन 'लॅन्सेट' या नियतकालिकात केले. त्यांतले ७ दगावले होते. आज डॉक्टर याला 'एआरडीएस' म्हणतात. २०२० आणि २०२१ साली करोनाने हाच प्रकार आपल्या गावागावांत दाखवला.

आता हळदीकडे वळू. हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कुर्क्युमिन. वाळलेल्या हळकुंडात ते साधारण तीन टक्के असते. हे द्रव्य १८१५ साली वेगळे काढले गेले. प्रयोगशाळेत उंदरांच्या फुफ्फुसात जंतूंच्या आवरणातला विषार सोडून मुद्दाम असा आजार घडवतात. ज्यांना कुर्क्युमिन दिले त्या उंदरांच्या फुफ्फुसात पांढऱ्या पेशींची गर्दी कमी होते, पाणीही कमी साचते. पेशीमध्ये दाहाचा इशारा देणारी काही प्रथिने असतात, त्यांना हे द्रव्य थोपवते. पॅराक्वाट या तणनाशकाने होणारी फुफ्फुसाची हानीसुद्धा उंदरांत कुर्क्युमिनमुळे कमी झाल्याचे आढळले आहे. म्हणजे पत्रलेखकांनी वाचलेली बातमी खोटी नाही. फक्त ती उंदरांची आहे, हे लिहिणाऱ्याने गाळले.

उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता का लांब आहे, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या हिशेबाने पाहू. अशा प्रयोगांत उंदराला किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कुर्क्युमिन देतात. त्याच प्रमाणाने साठ किलोच्या माणसाला सहा ग्रॅम लागेल, म्हणजे दोनशे ग्रॅम हळद. ती रोज कोणत्या दुधात कालवणार? शिवाय खाल्लेले कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शिरतच नाही. जे शिरते ते यकृत लगेच निकामी करून टाकते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली निरोगी माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कुर्क्युमिन दिले, तेव्हा ते रक्तात जेमतेम सापडले किंवा सापडलेच नाही. सोबत काळ्या मिरीतील पायपरिन दिल्यावर ते दोन हजार टक्क्यांनी वाढले. हा आकडा आता गोळ्यांच्या डबीवर मोठ्या अक्षरांत छापतात. मुळात जवळजवळ शून्य असलेले वीसपट झाले, हे मात्र छापत नाहीत.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. यांतल्या पुष्कळ प्रयोगांत उंदराला औषध आधी देतात आणि इजा नंतर करतात. आपला रुग्ण मात्र इजा होऊन दोन-तीन दिवस उलटल्यावर दवाखान्याच्या पायऱ्या चढतो.

काही वाचक येथे अमेरिकेतल्या हळदीच्या पेटंटची आठवण देतील. १९९५ साली दिलेले ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआर संस्थेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करवले. अभिमानाचीच गोष्ट. पण जखमेवर हळद लावणे हा नवा शोध नाही, एवढेच त्यात ठरले. फुफ्फुसाचा तेथे संबंधच नव्हता.

याचा अर्थ झाडपाल्यात काही नाही असा कोणी घेऊ नये. नांदेड-लातूर भागात सोयाबीन-कापसावरच्या फवारणीचे विष अंगात भिनलेले, किंवा दुर्दैवाने ते प्यालेले रुग्ण सरकारी दवाखान्यात नेहमी येतात. यांतल्या ऑरगॅनोफॉस्फरस गटाच्या विषाने तोंडाला फेस येतो, श्वासनलिका स्रावाने भरतात आणि रुग्ण कोरड्या खाटेवर बुडू लागतो. त्याला वाचवणारे इंजेक्शन म्हणजे ॲट्रोपिन. ते बेलाडोना या वनस्पतीतून मिळाले. आपल्या उकिरड्यावर उगवणारा, महादेवाला वाहिला जाणारा धोतरा याच कुळातला, आणि त्यातही ते असते. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. अशी मात्रा ठरवता येते, कारण एका कुपीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असते. धोतऱ्याच्या बोंडात किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते. बिया खाऊन भ्रम झालेले, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेले रुग्ण आम्ही पाहतो. तो प्रयोग कोणी करू नये.

अडुळशाचेही तसेच. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन आणि पुढे ॲम्ब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे तयार झाली. औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीवर ही नावे वाचायला मिळतील. अडुळशाच्या अर्काने उंदरांच्या फुफ्फुसाचा दाह कमी होतो, असे सीएसआयआरच्या दिल्लीतील प्रयोगशाळेने २०२१ साली प्रसिद्ध केले. तेही अजून उंदरांपुरतेच. शिवाय श्वासनलिकेतला कफ वेगळा आणि वायुकोशात झिरपलेले पाणी वेगळे. खोकून कफ पडतो, हे पाणी पडत नाही.

मग पत्रलेखकांचे वडील वाचले कशाने? फाटलेला पडदा सांधणारे खास औषध आजही नाही. जंतूंवर प्रतिजैविके, आणि शरीर स्वतःची डागडुजी करेपर्यंत यंत्राचा आधार, असा हा उपचार असतो. हा आधार कसा द्यायचा यात मात्र मोठी सुधारणा झाली. यंत्राने मोठे श्वास देण्याऐवजी किलोमागे सहा मिलिलिटर इतके लहान श्वास दिले तर शंभरातले चाळीस मृत्यू एकतीसवर येतात, हे २००० साली अमेरिकेत दिसले. अत्यवस्थ रुग्णांना दिवसाचे सोळा तास पालथे झोपवल्याने मृत्यू निम्मे झाले, हे २०१३ साली फ्रान्समध्ये दिसले. करोनात डेक्सामेथासोन उपयोगी ठरले, पण ज्यांना प्राणवायूची गरज होती त्यांनाच. (स्टेरॉइड औषधांचा कच्चा माल एके काळी मेक्सिकोतल्या रानकंदापासून काढत. येथेही वनस्पती आलीच!) हे सारे अतिदक्षता विभागात होते, आणि रुग्ण तेथे वेळेत पोचला तरच होते.

आता त्या दूध-तुपाविषयी. हळद निरुपद्रवी आहे, पण धाप लागलेल्या माणसाला पातळ पदार्थ बळेच पाजणे निरुपद्रवी नाही. जो मिनिटाला पस्तीस वेळा श्वास घेतो त्याला गिळायला उसंत नसते. घोट श्वासनलिकेत उतरतो. दूध, तूप, तेल फुफ्फुसात गेले की तेथेही दाह होतो, म्हणजे आधीच्या आजारात आपणच भर घालतो. गुंगीत असलेल्याच्या तोंडात तर पाण्याचा थेंबही घालू नये. त्याला कुशीवर झोपवावे. मुलाने रॉकेल प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती घातक आहे, कारण उलटीबरोबर वर आलेले रॉकेल फुफ्फुसात जाते.

घड्याळ समोर ठेवून छातीचे उठणे-बसणे पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात ते तीस किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात पन्नास, त्याहून लहान बाळात साठ भरले. किंवा वाक्य पुरे होत नाही, ओठ निळसर झाले, माणूस बरळू लागला, तर काढा, वाफारा, लेप सारे बाजूला ठेवा. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरला वैद्यकीय विज्ञान संस्थेचे सरकारी रुग्णालय रात्रीही उघडे असते. करोनात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र घरात असेल तर त्यातला सेल बदलून ठेवा. आकडा ९४ च्या खाली गेला तर थांबू नका.

पत्रलेखकांना एवढेच लिहितो. तुमची हळद कमी पडली नाही. तिच्याकडून जे काम होणारे नव्हते ते तुम्ही तिला सांगितले, आणि त्यात दोन दिवस गेले. तुम्ही एकटेच नाही, आमच्यापुढे येणारी निम्मी घरे असेच करतात. वडिलांच्या भाजी-वरणातली हळद चालू राहू द्या. गोळ्या मात्र नकोत. कुर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटलीत २०१९ साली नोंदले गेले, आणि रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते. वडिलांना जिना चढताना अजून दम लागतो असे तुम्ही शेवटच्या पानावर लिहिले आहे. त्यासाठी छातीचा नवा फोटो काढून, जुने कागद बरोबर घेऊन, छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि थंडी सुरू होण्याआधी फ्ल्यू व न्यूमोनियाच्या लशीबद्दल तेथेच विचारा.